मनात भरलेल्या माणसाला गाणी भरून द्यायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आता कॅसेट कोण ऐकतं? मग हा उपद्व्याप कशाला?

कॅसेट ऐकणारे फार थोडे उरलेत, पण गाणी निवडून, क्रम लावून कुणाला तरी देणं काही थांबलेलं नाही. पूर्वी कॅसेटच्या दुकानात चिठ्ठीवर यादी लिहून द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. मग सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आता प्लेलिस्टची लिंक जाते. काम तेच, म्हणून या पानावर सगळ्यालाच 'कॅसेट' म्हटलंय. सोयीसाठी समोरच्या व्यक्तीला 'ती' म्हटलंय. तुमच्या मनात 'तो' असेल तर तसं वाचून घ्या.

सुरुवात कुठून करायची? माझ्या आवडीपासून की तिच्या?

तिच्या. बहुतेक जण रात्री उशिरा गादीवर पडून स्वतःलाच गहिवर आणणारी वीस गाणी काढतात आणि तीच यादी उचलून देतात. त्या यादीत ती कुठंच नसते. असतात फक्त तुम्ही, आणि तेही रडवेले.

आधी काही दिवस नुसतं लक्ष ठेवा. ऑफिसात डबा खाताना कुणाच्या तरी मोबाइलवर जुनं गाणं लागलं, तिनं भाकरीचा तुकडा चटणीत बुडवता बुडवता हात थांबवला आणि पुढची ओळ गाणाऱ्याच्या आधी पुटपुटली. हे सोनं आहे. गाणं कुठलं, गायक कोण, संगीतकार कोण, घरी जाऊन शोधा. तेच गाणं यादीत घालण्यापेक्षा त्याच संगीतकाराचं, त्याच काळातलं, थोडं कमी वाजलेलं गाणं घाला. तिला चाल ओळखीची वाटेल आणि गाणं नवं मिळेल. उलट, शेअर रिक्षात ड्रायव्हरनं लावलेल्या गाण्यावर तिच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तेही लक्षात ठेवा.

बारा गाणी असतील तर सात-आठ तिच्या आवडीच्या आसपासची, दोन-तीन तुमची आणि एखादं असं की जे दोघांनीही फारसं ऐकलेलं नाही. तुमची गाणी अजिबातच नकोत असं नाही. ती नसतील तर कॅसेट कुणी दिली तेच कळायचं नाही.

आणि एक कसोटी सगळ्या यादीला लावा: तिच्या मनात तुमच्याबद्दल काहीही नसलं, तरी ही गाणी ती आनंदानं, अवघडल्याशिवाय ऐकू शकेल का? पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीवर येऊन थांबतात.

किती गाणी घ्यावीत?

दहा ते चौदा. हा आकडा हवेतला नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं मिळायची, नव्वदच्या कॅसेटमध्ये पंचेचाळीस. जुनी हिंदी-मराठी गाणी साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असतात, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. नंतरची गाणी पाच-सहा मिनिटांवर गेली. जुनी-नवी मिसळली की एका बाजूला सहा-सात गाणी बसतात.

प्लेलिस्टला अशी हद्द नसते, आणि तिथंच लोक वाहवत जातात. दीडशे गाण्यांची लिंक पाठवली म्हणजे निवडण्याचं काम तुम्ही तिच्यावर टाकलंत. तासाभराच्या आत बसवा.

शब्द इतके बारकाईनं बघायचे का? चाल गोड असली की झालं ना?

नाही झालं. मराठी माणूस चालीवर भाळतो आणि शब्द नंतर ऐकतो. ज्याला गाणी भेट मिळतात तो मात्र शब्दच आधी ऐकतो, कारण त्याला वाटतं की ते त्याला उद्देशून आहेत.

'भातुकलीच्या खेळामधली' हे मंगेश पाडगावकरांचं, यशवंत देवांनी चाल लावलेलं, अरुण दाते यांच्या आवाजातलं गाणं घ्या. राजा-राणी, भातुकली, दात्यांचा मऊ आवाज. किती जणांनी ते प्रेमगीत म्हणून भरून दिलं असेल! गाणं आहे ताटातुटीचं. डाव अर्ध्यावर मोडतो, तोही पहिल्याच कडव्याच्या आत. अजून ओळख नीट झालेली नाही आणि तुम्ही निरोप घेऊन मोकळे.

दुसरं टोक 'मालवून टाक दीप'. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लतादीदींचा आवाज. मराठीत याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण जिच्याशी आजवर चार वेळा चहा घेतलाय तिला पहिल्याच कॅसेटमध्ये हे द्यायचं म्हणजे भलतीच धिटाई झाली. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला जरूर द्या.

तिसरा प्रकार जास्त त्रासाचा. नायक नायिकेच्या मागं मागं फिरतो, वाट अडवतो, 'नाही म्हणालीस तरी तू माझीच' असं ठणकावतो, आणि मागं झकास ढोलकी वाजत असते. पडद्यावर ते खपून गेलं. शहरात रोज बसस्टॉपपासून घरापर्यंत कुणी ना कुणी मागं येतंय का हे बघत चालणाऱ्या मुलीला ते गाणं गोड लागणार नाही. 'तुझ्याविना मरून जाईन' छापाची गाणीही याच गठ्ठ्यात. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर तुमच्या जिवाची जबाबदारी कशाला?

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. पावसाची गाणी, प्रवासाची गाणी, कुणाची तरी थट्टा करणारी गाणी, नुसतीच सुरेल गाणी. प्रेमाची म्हणाल तर सगळ्या यादीत तीन पुरेत.

'सैराट'चं गाणं घालू का? आपल्या सोलापूर जिल्ह्यातला सिनेमा आहे.

म्हणूनच जपून. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, सिनेमा २०१६चा, अजय-अतुलचं संगीत, आणि गाण्यांच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला झालेलं. अभिमान सगळ्यांनाच आहे. 'याड लागलं' एकवेळ चालेल. 'झिंगाट' नको, सोलापुरात मिरवणुकांना तोटा नाही, आणि ते गाणं लागलं की तिला तुम्ही आठवणार नाही, डीजेच्या भिंतीमागं अडकलेली रिक्षा आठवेल.

आणखी एक. 'सैराट'चा शेवट इथं पोराटोरांना पाठ आहे. १९८१चा 'एक दूजे के लिए' आणि १९८८चा 'कयामत से कयामत तक' यांचेही शेवट तसलेच. गाणी तिन्ही सिनेमांची उत्तम. पण एकाच कॅसेटमध्ये तिन्ही सिनेमे आले, तर हुशार मुलगी विचारणारच, 'आपलं पुढं असं ठरलंय का बे?'

ती तेलुगू बोलणारी आहे, मला ओ की ठो कळत नाही. तेलुगू गाणी घालू का?

सोलापुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेनं कन्नड, आणि दखनी उर्दू तर सगळीकडंच. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं गावाची गड्ड्याची यात्रा भरते, त्यांची वचनंही कन्नडमध्येच आहेत. त्यामुळं एकाच कॅसेटमध्ये तीन भाषा आल्या तर इथं कुणाला नवल वाटत नाही.

घाला, पण एक किंवा दोन. सगळी कॅसेट तिच्या भाषेत भरली तर ती कौतुकाऐवजी परीक्षा घ्यायला लागते. 'हे ऐकलंस? यात काय म्हटलंय सांग बघू.' सांगता यायला हवं.

अर्थ मोबाइलच्या भाषांतरावर सोडू नका. गाण्याच्या भाषेत निम्मी गंमत बोलीची असते, आणि यंत्र तिचा चेंदामेंदा करतं. ज्याच्या घरी ती भाषा बोलतात अशा मित्राला शेजारी बसवा, चहा पाजा, ओळ न् ओळ समजून घ्या. मित्र मात्र पारखून निवडा. पूर्व भागात नाती फार दाट आहेत. ज्याला अर्थ विचारताय तो तिचा आतेभाऊ निघायचा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात सगळी भावकी एकत्र येते, आणि तोवर तुमची यादी तिच्या मोठ्या काकूपर्यंत पोचलेली असेल.

सोपा पूल हवा असेल तर एस. पी. बालसुब्रह्मण्यम. तेलुगू, कन्नड, तमिळ, हिंदी, सगळीकडं त्यांचा आवाज आहे. त्यांचं एक हिंदी गाणं तुमच्या ओळखीचं आणि त्यालाच लागून एक तेलुगू तिच्या ओळखीचं, असं जोडीनं लावलं तर कुणीच परकं राहत नाही. आणि यादीत गाण्याचं नाव लिहिताना उच्चार तिच्या घरी करतात तसा लिहा. चुकीचा लिहिलात तर महिनाभर चेष्टा होईल. (अर्थात, महिनाभर चेष्टा व्हावी असं वाटत असेल तर तुमची मर्जी.)

गाण्यांचा क्रम कसा लावायचा?

पहिलं गाणं तिच्या ओळखीचं आणि हलकंफुलकं असावं. सगळ्यात जीव ओतलेलं गाणं पहिलं लावायचा मोह होतो. ते चौथं-पाचवं ठेवा. तोवर ऐकणारीचे कान गाण्यात बसलेले असतात.

दोन संथ गाणी लागोपाठ चालतील, तिसरं नको. दुपारी तीनला सोलापूरच्या उकाड्यात तीन संथ गाणी ऐकली की माणूस झोपतो. लताबाईंच्या मागोमाग लगेच आजकालचं धडधडतं गाणं लावलं तर धक्का बसतो. मध्ये एखादं मधल्या काळातलं घाला. गाणी बदलताना सूर फार लांब उडी मारत नाही ना, हे कानानं तपासा. त्यासाठी संगीत शिकलेलं असायला लागत नाही. आधीच्या गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एवढंच सलग ऐका. दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं तर जागा बदला.

कॅसेटला दोन बाजू असतात याचा फायदा घ्या. पहिली बाजू गप्पांसारखी मोकळी ठेवा, दुसरी जरा मनातली. सगळ्यांनाच उलटून ऐकायचा उत्साह असतो असं नाही, पण जी उलटते तिला ती गाणी पोचतात. शेवटचं गाणं आनंदाचं असू द्या. शेवटी प्रश्न विचारणारं गाणं टाकून तिला उत्तराला बांधू नका.

घरात सगळ्यांसमोर वाजलं तर?

वाजणारच. हेडफोन लावून एकटीनं ऐकेल असं धरून चालू नका. ती स्वयंपाकघरात लावेल, आई भाकऱ्या थापत असेल, आजी लसूण सोलत असेल. त्या दोघींसमोर तिला धावत येऊन बंद करावं लागेल असं एकही गाणं नको. उलट आजीनं 'हे कुणी दिलं गं? चांगलं आहे की,' असं म्हटलं, तर तुमचं निम्मं काम आजीनं केलं.

मध्ये माझ्या आवाजात दोन शब्द, एखादी कविता?

नको.

बरं, खरीखुरी कॅसेटच द्यायची आहे. काय काळजी घेऊ?

पहिली काळजी ही, की तिच्याकडं ती वाजवायला काही आहे का. नसेल तर चालू स्थितीतला टेप रेकॉर्डर शोधून द्यावा लागेल, आणि मग ती भेट एकदम जड होते. वडिलांचा जुना टेप माळ्यावर असला तर त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असतो. गाणं गळा बसल्यासारखं संथ वाजतं. पट्टा बदलून मिळतो. फीत ज्यावरून सरकते त्या हेडवरची काजळी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून हलकेच पुसा.

फिलिप्सनं ही कॅसेट १९६३ मध्ये आणली, आणि तेव्हापासून तिच्या खोडी त्याच आहेत. सुरुवातीला काही सेकंद जी पांढरी किंवा पारदर्शक पट्टी असते तिच्यावर आवाज उमटत नाही. ती पेन्सिलीनं पुढं सरकवून मगच रेकॉर्डिंग सुरू करा, नाहीतर पहिल्या गाण्याची सुरुवातच जाईल. षटकोनी पेन्सिल त्या चाकाच्या दात्यांत नेमकी बसते. नव्वद मिनिटांपर्यंतचीच कॅसेट घ्या; एकशेवीसची फीत फार पातळ असते, ती ताणली जाते नाहीतर टेपमध्ये गुंडाळली जाते. मोबाइलवरून तारेनं टेपमध्ये भरताना आवाज मध्यम ठेवा. काटा सारखा लाल भागात गेला तर तारस्वर फाटतो. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज बारीक असतो, नव्यांचा मोठा. प्रत्येक गाण्याला पातळी नव्यानं जुळवा, नाहीतर तिला दर चार मिनिटांनी बटण फिरवत बसावं लागेल.

भरून झाली की वरच्या काठावरच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडून टाका. म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आणि एप्रिल-मे असेल तर गाडीच्या डिकीत ठेवून गावभर फिरू नका. इथला पारा चाळिशी ओलांडतो, बंद डिकीत त्याहून जास्त. कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं आणि फीत अडकते.

पेन ड्राइव्ह किंवा प्लेलिस्ट असेल तर?

पेन ड्राइव्हवर फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला, नाहीतर गाडीतला स्टीरिओ आपल्या मनानं क्रम लावतो. काही जुने स्टीरिओ देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात; रोमन लिपीत नावं द्या. ड्राइव्ह फॅट बत्तीस (FAT32) पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की सहसा कुठंही चालतो. गाणी ठिकठिकाणाहून उतरवलेली असतील तर प्रत्येक शेवटपर्यंत ऐकून बघा. मध्येच कुणीतरी 'चॅनेल सबस्क्राइब करा' म्हणालं तर सगळा रंग उतरतो.

प्लेलिस्टमध्ये फुकटच्या खात्यावर गाण्यांमध्ये जाहिराती येतात. हळवं गाणं संपतंय तोच बनियनची जाहिरात. तुम्ही त्याला काही करू शकत नाही, फक्त माहीत असू द्या. हक्कांच्या व्यवहारामुळं गाणी यादीतून गायबही होतात, म्हणून यादी कागदावर लिहून सोबत द्या. ती पुण्याला शिकायला असेल आणि शनिवारी-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं ये-जा करत असेल, तर गाणी आधी उतरवून घ्यायला सांगा. गाडीत रेंजचा भरवसा नाही.

कव्हरवर काय लिहू?

गाणं, गायक, सिनेमा किंवा अल्बम. सुवाच्य अक्षरात, शाईच्या पेनानं नको, पसरतं. बदाम काढू नका. तिचं नाव लिहू नका. कॅसेट कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही आणि उत्तरं तिला द्यावी लागतात. तुमचं नाव मात्र लिहा, निनावी भेटीची भीती वाटते. नाव द्यायचंच असेल तर साधं द्या, 'पावसाळ्यासाठी' वगैरे.

द्यायची कधी आणि कुठं?

१४ फेब्रुवारी सोडून कधीही. त्या दिवशी दिलेली कॅसेट नुसती कॅसेट राहत नाही, अर्ज होतो. गड्ड्यातही नको, संक्रांतीच्या त्या गर्दीत पाळण्यांच्या कर्ण्यांपुढं तुमचं बोलणंच ऐकू जायचं नाही. नव्या पेठेत दर दहा पावलांवर कुणीतरी काका भेटतो, तिथं तर मुळीच नको. कंबर तलावाकडं फिरायला बोलावणं म्हणजे न बोलता बरंच काही बोलणं.

कॉलेज सुटताना, ऑफिसच्या चहाला, जिथं तुम्ही एरवीही भेटता तिथं द्या. 'त्या दिवशी तू ते गाणं गुणगुणत होतीस, तशी काही गोळा केलीत. वेळ मिळाला की ऐक,' एवढं म्हणा आणि दुसऱ्या विषयावर या. मैत्रिणीच्या हातून पाठवू नका. भेट एकीला आणि चर्चा आठ जणींत, हे तिलाच जड जातं.

दोन आठवडे झाले, ती काहीच बोलली नाही.

मग तुम्हीही काही बोलू नका. 'ऐकलीस का?' एकदाही नाही. कदाचित तिनं ऐकलीच नसेल, कदाचित ऐकून गप्प राहणं हेच तिचं उत्तर असेल. दोन्ही तिच्या हातात आहे. दुसरा भाग भरून पाठवणं, स्टेटसला तीच गाणी लावणं, तिच्या घरावरून जाताना गाडीत तेच गाणं मोठ्यानं वाजवणं, यातलं काहीही करायचं नाही. सरळ 'नको' म्हणाली तर 'बरं' म्हणा, कॅसेट परत मागू नका. गाणी चांगली निवडली असतील तर ती तिची झाली.

तीच यादी पुढं दुसऱ्या कुणाला देता येते का?

नाही. सोलापूर एवढं मोठं नाही.

तिनं उलट मला यादी दिली तर?

तिनं लावलेल्या क्रमानं, मध्ये काही न गाळता ऐका. प्रत्येक गाण्यात तुमच्यासाठी निरोप दडलाय असं समजून शब्द उकलत बसू नका. तिनंही तुमच्यासारखीच काही गाणी नुसती सुरेल म्हणून घातलेली असतील. पण एखादं गाणं तुम्ही कधीतरी सहज बोलून गेलेल्या गोष्टीला धरून आलं असेल, तर ते लक्षात आल्याचं तिला सांगा, नेमकं त्याच गाण्याबद्दल. 'सगळी छान होती' म्हणणाऱ्यानं ऐकलेली नसतात हे तिलाही माहीत आहे. आणि एखादं गाणं तुम्हाला पूर्वीपासून अजिबात आवडत नसेल, तर त्याच संध्याकाळी सांगायची घाई करू नका.